माझ्या उजेडात लाल नव्हता

मी एक जुनी ट्यूब आहे, मित्रांनो. उंचीने तुमच्याएवढी, जाडीने एखाद्या मनगटाएवढी आणि दोन्ही टोकांना काजळी धरल्यासारखी काळी पडलेली. ज्याला गोष्ट उशिरा कळते त्याला तुम्ही माझ्या नावाने चिडवता, हे मला ठाऊक आहे. त्याचा मला राग नाही. पेटायला मी वेळ लावत असे, हे खरेच आहे. पण ज्याचे मला आजही वाईट वाटते ते माझ्या लुकलुकण्यामुळे घडले नाही. ते मी पूर्ण पेटल्यावर घडले.

माझा जन्म एका मोठ्या, गोंगाटाच्या कारखान्यात झाला. आधी मी नुसती काचेची नळी होते. मग माझ्या अंगात आतून पांढऱ्या पुडीचा पातळ लेप फिरवला गेला. दोन्ही टोकांना तारेची बारीक वेटोळी बसवली, आतली हवा ओढून काढली आणि पोटात पाऱ्याचा एक थेंब सोडून मला कायमचे बंद केले. वीज आली की त्या पाऱ्याची वाफ चमकते. तो प्रकाश माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. माझी पूड तो गिळते आणि तुम्हाला दिसेल असा पांढरा उजेड बाहेर टाकते.

आता नीट ऐका, कारण पुढची सगळी गोष्ट इथे अडकली आहे. त्या काळच्या स्वस्त पुडीत पिवळा आणि हिरवा भरपूर होता. निळाही बऱ्यापैकी होता. गडद लाल मात्र जवळजवळ नव्हता. सगळे मिळून पांढरे दिसे, म्हणून कोणाच्या लक्षात येत नसे. मिठाशिवाय शिजवलेला भातही पांढराच दिसतो ना, तसे.

मला विकत घेतले ते भाऊंनी. भाऊ म्हणजे इस्त्री आणि रफूच्या दुकानाचे मालक. तसे दुकान दोघांचे होते, भाऊंचे आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचे. भाऊ पुढे इस्त्री करत आणि गिऱ्हाइकांशी बोलत. मागे, लांबट खोलीच्या टोकाला, सतरंजीवर बसून ताई रफू करत. सगळे गाव त्यांना ताईच म्हणे, त्यांच्याहून म्हातारी माणसेसुद्धा.

ताईंचे रफू म्हणजे काय, ते सांगते. सिगारेटीने पडलेले भोक असो की खिळ्याने निघालेली खोच, ताई त्याच कपड्याच्या शिवणीतून दोरे ओढून काढत आणि भोकावर ताणा-बाणा विणून टाकत. शिवणीतले दोरे पुरले नाहीत की मग रिळांची टोपली पुढे येई. तिच्यात कप्पे करून एकेका रंगाच्या दहा-दहा छटा लावलेल्या होत्या. भाऊ गिऱ्हाइकाला कपडा देताना म्हणत, "शोधा बघू कुठं फाटलं होतं." आणि गिऱ्हाईक शोधत बसे.

मी येण्याआधी ताईंच्या डोक्यावर साधा बल्ब होता, तापलेल्या तारेचा. त्याचा उजेड पिवळा आणि थोडा. पण त्यात लालापासून निघालेले सगळे रंग सलग वाहत असत, फक्त निळ्यापाशी पोहोचेपर्यंत ते पार रोडावलेले असत. ताईंना त्याची ही खोड पाठ होती. "या बल्बाखाली निळा आणि काळा जुळे भाऊ दिसतात," असे म्हणून त्या गुडघ्यावर हात टेकून उठत, निळे रीळ आणि कपडा घेऊन दारात जात आणि उन्हात धरून बघत. दारात जायची सवय अशी लागली की बाकीचे रंगही त्या जाता-येता तिथेच जुळवत.

भाऊंना त्यांच्या या उठबशीचे वाईट वाटे. ताईंचे गुडघे दुखत. एक दिवस भाऊ मला खाकेत मारून घेऊन आले. विजेचे काम करणाऱ्याने छताला पट्टी ठोकली, चोक आणि स्टार्टर बसवला आणि बटण दाबले. मी दोन-तीनदा डोळे मिचकावले आणि पेटले.

"अगं बाई!" ताई म्हणाल्या. "हा तर दिवस आला घरात."

"आता ऊठबस बंद," भाऊ म्हणाले. "बसल्या जागी सगळं दिसेल. दारात कपडे टांगायला मी दांडी बसवतो, नाहीतरी जागा वाया जातेय."

मित्रांनो, मला त्या दिवशी किती अभिमान वाटला म्हणून सांगू! गल्लीतले लोक मला बघायला आले. शेजारचा वहीवाला म्हणाला, "मी पण लावून घेतो." आणि त्याने लावलीही, माझीच बहीण. बल्ब काढून मागच्या मोरीत लावला गेला. दारातल्या दांडीवर इस्त्रीचे कपडे लटकू लागले आणि ताईंचे दारात जाणे थांबले. पिवळ्या उजेडावर त्यांनी कधीच पुरता विश्वास टाकला नव्हता. माझ्यावर मात्र टाकला, कारण मी दिवसासारखी दिसत होते.

पहिले काही महिने बरे गेले. पांढरे, काळे, निळे कपडे माझ्या उजेडात झकास जुळत. निळ्याच्या बाबतीत तर मी बल्बाहून सरस होते. मग एक बाई तांबडा स्वेटर घेऊन आल्या. भोक मोठे होते. ताईंनी रीळ शोधले, लोकरीवर धरले, मान तिरकी करून बघितले आणि समाधानाने सुईत ओवले. मी वरून बघत होते. त्या रिळाच्या रंगात थोडा तपकिरी होता. स्वेटरातला जो लाल त्याला वेगळा पाडतो, तो लाल जागा व्हायला लाल उजेड लागतो. तो माझ्याकडे नव्हता. माझ्या उजेडात दोन्ही रंग सारखेच मलूल दिसत होते. मी काय करणार? मी ओरडू शकत नाही. फार तर गुणगुणते, आणि ती माझी नव्हे, चोकची गुणगुण असते.

दुसऱ्या दिवशी त्या बाई परत आल्या. त्यांनी भाऊंना बाहेर बोलावले. "इकडे या, उन्हात बघा." भाऊंनी बघितले. रफूचा तुकडा स्वेटरावर डाग पडल्यासारखा उठून दिसत होता. भाऊंनी हळू आवाजात काहीतरी समजूत घातली, एक साडी फुकट इस्त्री करून दिली आणि आत येऊन निमूटपणे इस्त्री गरम करायला ठेवली.

"काय म्हणत होत्या?" ताईंनी विचारले.

"काही नाही. छान झालंय म्हणाल्या."

यानंतर एक शाल परत आली, मग एक गालिच्याचा तुकडा. तक्रार नेहमी बाहेरच होई, कारण चूक बाहेरच दिसे. भाऊ प्रत्येक वेळी ती बाहेरच मिटवत आणि आत आल्यावर हसत. पण आता ते ताईंकडे चोरून बघू लागले. माझ्या उजेडात ताईंचा चेहरा राखेसारखा दिसे. ओठांवर रंग नाही, गाल बसल्यासारखे. तो रंग मीच खात होते, मित्रांनो. माझ्याखाली सगळेच आजारी दिसतात. भाऊंना मात्र वाटे, ताई खंगत चालली आहे.

"ताई, जरा आराम करत जा. चेहरा बघ कसा उतरलाय तुझा."

ताईंनी भिंतीवरच्या आरशात पाहिले. तो आरसाही माझ्याच उजेडात होता.

आणि मग बँडमास्तर आले.

बँडमास्तर गावातल्या वाद्यपथकाचे पुढारी. मरून रंगाचा, सोनेरी बटणांचा कोट घालून ते सगळ्यांच्या पुढे चालत आणि उजव्या हाताने ताल देत. तो कोट त्यांच्या वडिलांचा होता. वडीलही बँडमास्तरच होते. कोटाचे उजवे कोपर विरले होते आणि ते ताईंनी चार दिवस खपून भरले होते. माझ्याखाली ते काम इतके सुबक दिसत होते की ताईंनी स्वतःच त्यावरून दोनदा हात फिरवला होता.

बँडमास्तर दारात थांबले नाहीत. भाऊ "इकडे बोलू, इकडे बोलू" म्हणत असताना ते दांडीवरचे कपडे बाजूला सारून थेट आत आले आणि त्यांनी कोट ताईंच्या मांडीवर ठेवला.

"ताई, हे काय केलंत?"

ताईंनी कोपर उलटसुलट केले. चष्मा पुसला, परत बघितले. "काय झालंय? मला तर काही दिसत नाही."

"दिसत नाही?" बँडमास्तरांचा आवाज चढला. "अहो, अख्ख्या रस्त्याला दिसलं! मी हात वर केला की पोरं बोट दाखवत होती. मरून कोटाला तपकिरी ठिगळ! हे बघा, इथून इथपर्यंत." त्यांनी बोट ठेवले. ते बघत नव्हते, नुसते दाखवत होते. जागा त्यांना पाठ झाली होती.

ताईंनी कोट भाऊंपुढे धरला. "भाऊ, तू सांग. तुला दिसतंय?"

भाऊंनी कोटाकडे पाहिले. माझ्या उजेडात दोन्ही रंग एक होते. पण भाऊंच्या डोळ्यांपुढे तो स्वेटर होता, ती शाल होती, तो गालिचा होता. त्यांनी मान खाली घातली.

"दिसतंय, ताई."

मी त्या क्षणी विझू शकले असते तर! एक झटका, एक लुकलुक, काहीही. पण वीज सुरळीत होती आणि मी सुरळीत जळत राहिले.

"आधी पण आल्या होत्या तक्रारी?" ताईंनी विचारले. भाऊ दांडीवरचे विस्कटलेले कपडे सारखे करू लागले. ताईंना उत्तर मिळाले.

बँडमास्तरांचा राग तोवर उतरला होता. "जाऊ द्या ताई, वयाप्रमाणं होतं," असे पुटपुटत ते कोट घेऊन गेले. रागावून गेले असते तर बरे झाले असते.

ताई डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डॉक्टरांनी खिडकीशी बसवून अक्षरे वाचायला लावली, रंगीत ठिपके ओळखायला लावले आणि म्हणाले, या वयाला इतके चांगले डोळे मी क्वचित बघतो. भाऊ ही बातमी पेढ्यासारखी घेऊन आले. ताई मात्र सतरंजीवर येऊन बसल्या.

"डोळे चांगले आहेत, म्हणजे डोकं गेलं," त्या म्हणाल्या.

"काहीतरीच काय बोलतेस!"

"आईचं असंच सुरू झालं होतं रे. तू लहान होतास. आधी ती सदऱ्याला भलतीच बटणं लावायची. आपण हसायचो. मग तुला मामाच्या नावानं हाका मारायला लागली. शेवटी मला विचारायची, बाई, तुम्ही कोणाकडच्या?"

भाऊ इस्त्री तशीच धरून उभे होते. कापड करपल्याचा वास आला तेव्हा त्यांनी ती उचलली.

"मला कुठं ठेवायचं ते आत्ताच ठरवून ठेव," ताई म्हणाल्या. "मला कळतंय तोवर ठरव. नंतर मी भांडेन."

मित्रांनो, त्या दोघांच्या डोक्यावर, हात पोहोचेल एवढ्या अंतरावर, सगळ्याचे कारण लटकत होते. कोणीही मान वर करून माझ्याकडे संशयाने पाहिले नाही. दिव्यावर कोण संशय घेतो? दिवा तर दिसावे म्हणूनच असतो.

ताईंनी रंगीत काम सोडले. रिळांची टोपली फडक्याने झाकून कोनाड्यात सरकवली. त्या फक्त पांढरे आणि काळे शिवत, आणि बाकी वेळ भाऊंनी इस्त्री केलेल्या कपड्यांच्या घड्या घालत. बोलताना मध्येच थांबत आणि शब्द आठवतो की नाही ते तपासून बघत. आठवला तरी त्यांना बरे वाटत नसे. एकदा त्या भाऊंना चुकून "अरे बाळ" म्हणाल्या, सगळ्याच थोरल्या बहिणी म्हणतात तसे, आणि दिवसभर घाबरून बसल्या. चांगले शाबूत डोके त्या रोज थोडे-थोडे कुरतडत होत्या. आणि मी उजेड देत होते.

असा एक हिवाळा गेला. मग एका दुपारी माझ्या चोकमधून जळका वास आला. गुणगुण चढली, फट्कन थांबली आणि मी विझले.

"चोक गेला," भाऊ म्हणाले. "वायरमन उद्या भेटेल. ताई, आत अंधार आहे, दारात बस."

त्यांनी दांडीवरचे कपडे सरकवले, सतरंजी उंबऱ्याशी टाकली. ताई काळी विजार शिवायला घेऊन बसल्या. हाताशी असलेले काळे रीळ संपले होते, नवे टोपलीत होते, म्हणून त्यांनी भाऊंना टोपली आणायला सांगितली. फडके काढले आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

मी आत, अंधारात, छताला चिकटून ऐकत होते.

"भाऊ, ही रिळं कोणी कालवली?"

"कोणी नाही. तूच लावलीस ना."

"मी मरूनच्या कप्प्यात तपकिरी ठेवीन?" ताई म्हणाल्या. "बघ, हे मरून, हे तपकिरी. धडधडीत वेगळी आहेत. आणि मी दोन्ही एका जागी ठेवलीत. झालं. आता खात्रीच झाली."

भाऊंनी रिळे हातात घेतली. त्यांना ताईंना धीर द्यायचा होता, बाकी काही नाही. "अगं, मला तरी कुठं ओळखू येतात रंग? त्या दिवशी बँडमास्तरांच्या कोटात मला पण काही दिसत नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे..." भाऊ अडखळले. "आत दिसत नव्हतं. आधीच्या तक्रारी बाहेर बघितल्या होत्या, म्हणून मी हो म्हणालो."

ताई उठल्या. त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांचा आवाजही मला आला नाही, इतक्या झटकन उठल्या. दोन्ही रिळे मुठीत धरून त्या शेजारच्या वहीवाल्याच्या दुकानात शिरल्या. तिथे माझी बहीण जळत होती.

"भाऊ! इकडे ये! एक झाली बघ!"

त्या बाहेर आल्या. "आता दोन!" परत आत गेल्या. "एक!" परत बाहेर. "दोन!"

"काय चाललंय काय, ताई?" वहीवाला विचारत होता. "रिळांची वरात काढलीत का?"

भाऊंनी ती रिळे आत नेऊन मोरीतल्या बल्बाखाली धरून बघितली. त्याच्या पिवळ्या, अपुऱ्या उजेडातही मरून ते मरून आणि तपकिरी ते तपकिरी. "माझी ट्यूब आत्ता पेटली," ते म्हणाले, आणि ताई इतक्या हसल्या की हसता-हसता त्यांना रडू फुटले. उन्हात उभ्या होत्या. वहीवाला म्हणाला, "ताई, आज चेहऱ्यावर काय तेज आलंय!" आले नव्हते. ते होतेच.

मी मात्र विझलेली होते. इतके महिने पेटून मी जे लपवले, ते विझल्यावर एका दुपारी उघडे पडले. मला गुन्हेगार ठरवून दोन माणसे इतकी आनंदली होती की मलाही बरेच वाटले.

त्या संध्याकाळी भाऊंनी मला पट्टीतून काढले. "फेकून देतो हिला," ते म्हणाले.

"ती काय करणार बिचारी? तिच्याकडे लाल नाहीच," ताई म्हणाल्या. मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "पण तू मला का नाही सांगितलंस रे? पहिल्या स्वेटरालाच?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाटू द्यायचं होतंस. मी तशीच स्वेटर घेऊन दारात गेले असते. अख्खा हिवाळा मी आईला आठवत बसले, भाऊ."

भाऊंनी मला फेकले नाही, कपाटामागच्या सांदीत उभे करून ठेवले.

सगळे काही मग पूर्ववत झाले असे तुम्हाला वाटत असेल. ताईंनी बँडमास्तरांना निरोप पाठवला. ते कोट घेऊन आले. तोवर त्यांनी दुसऱ्या कोणाकडून ते कोपर उसवून भरून घेतले होते, आणि तेही जमले नव्हते. ताईंनी दारात बसून अगदी बरोबर छटेचे रीळ निवडले. पण दोनदा उसवलेले जुने कापड तिसऱ्यांदा टाके धरीना. रंग जुळला, वीण मात्र दबली. कोपराला एक बारीक सुरकुती राहून गेली, ती कायमची.

"माझ्या हातनं तुमच्या वडिलांचा कोट गेला," ताई म्हणाल्या.

"गेला कुठं? अंगात आहे की!" बँडमास्तरांनी कोट चढवला. "आणि त्यात काय, यापुढं ताल डाव्या हातानं देईन. पोरं चुकली तर तेवढीच दमतील."

ताई हसल्या. पण कोट गेल्यावर त्यांनी भाऊंना विचारले, "मघाशी मी त्यांना ओळखलं ना रे नीट? नाव बरोबर घेतलं ना?" भीती एकदा मनात शिरली की कारण सापडले तरी ती लगेच उठून जात नाही.

आता ताईंच्या डोक्यावर पुन्हा बल्ब आहे आणि दारातली दांडी काढली आहे. माझ्यानंतर जन्मलेल्या ट्यूबांच्या पुडीत लाल रंग चांगला मिसळतात, असे मी वायरमनच्या तोंडून ऐकले आहे. मला आनंद आहे. माझ्या पुडीत तो कोणी आता घालू शकत नाही.

मित्रांनो, मी कपाटामागच्या सांदीत उभी आहे. कधीतरी साफसफाईत तुमच्यासारख्या कोणाच्या हाती लागेन. मोठा आवाज होतो म्हणून मला भिंतीवर आपटून फोडू नका. माझ्या पोटातला पारा विषारी आहे. मला कागदात गुंडाळून, जिथे जुन्या ट्यूबा जमा करतात तिथे द्या. आणि तुमच्या घरातले एखादे जाणते माणूस एकाएकी चुकू लागले, तर त्याच्यापासून काही लपवू नका. त्याचा हात धरून त्याला दारापर्यंत न्या आणि मान वर करून बघा, इतके दिवस त्याच्या डोक्यावर कोणता दिवा जळत होता.